आजारी मुलांसाठी शाळेत निधी उभारायचाय? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी, पायरी-पायरीने

आमच्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी आजारी पडली. रक्ताचा कर्करोग. बातमी कळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत मुलं माझ्याभोवती जमली. "बाई, आपण तिच्यासाठी पैसे गोळा करू या." मला भरून आलं. आठवड्याभरात पोस्टर लागली, पेट्या फिरल्या, पैसे जमले आणि तिच्या आईवडिलांच्या हाती पोचलेसुद्धा. सगळं छान पार पडलं असं मी धरून चालले होते.

काही महिन्यांनी ती शाळेत परतली. डोक्याला रुमाल, औषधांनी चेहरा सुजलेला. जिन्यात एका लहानग्यानं तिच्याकडे बोट दाखवून मैत्रिणीला सांगितलं, "ती बघ, पोस्टरवाली आजारी ताई." शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आली. "बाई, माझा फोटो लावायच्या आधी मला का नाही विचारलंत?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्यानंतर मी मुलांबरोबर असे आणखी तीन उपक्रम केले. त्यांत जे शिकले ते इथे लिहिते आहे, पहिल्यांदाच हे करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या शिक्षकांसाठी. पैसे जमतात. मुलांनी मनावर घेतलं की हमखास जमतात. ज्याच्यासाठी जमवतो ते मूल या सगळ्यात कुठे आहे, हे मात्र पहिल्या दिवशी ठरवावं लागतं. एकदा पोस्टर लागलं की उशीर झालेला असतो.

१. आधी विचारा

पहिला माणूस पालक. त्यांच्याकडे मुलांचा घोळका घेऊन जाऊ नका. एकच शिक्षक जाऊ दे, आणि तोही आधी वेळ विचारून. घरात गंभीर आजार आला की दारावरची प्रत्येक थाप थकवणारी असते. तीन प्रश्न विचारा: मदत हवी आहे का? हवी असेल तर कोणत्या गोष्टीसाठी? आजाराबद्दल वर्गात किती सांगितलेलं चालेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः लिहून घ्या आणि त्यापलीकडे एक अक्षर बोलू नका. काही घरांत खुद्द मुलाला आजाराचं नाव सांगितलेलं नसतं. ते त्याला शाळेच्या फलकावरून कळता कामा नये.

पालक "नको" म्हणाले तर विषय संपला. "आमचं आम्ही बघू" असं म्हणण्यात अभिमान असतो, भीती असते, कधी नातेवाइकांपासून लपवलेलं काही असतं. कारण विचारायचं नाही. मुलांचा उत्साह वाया जाऊ द्यायचा नसेल तर तो एखाद्या रुग्णालयाच्या बालविभागाकडे वळवता येतो.

दुसरा माणूस म्हणजे ते मूल स्वतः. पालकांची सही पुरत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलालाही कळेल अशा भाषेत सांगा: "वर्गातले मित्र तुझ्यासाठी एक काम करणार आहेत. तुझं नाव सांगू का? तुझं चित्र वापरू का? तुला त्यात काही करायचंय का?" शेवटचा प्रश्न विसरू नका. आमच्या दुसऱ्या उपक्रमातल्या मुलानं नाव लपवायला सांगितलं, पण प्रदर्शनासाठी खाटेवर बसून अकरा चित्रं काढून पाठवली. त्याची आई म्हणाली, त्या आठवड्यात त्यानं पहिल्यांदाच सकाळी उठून काहीतरी मागितलं: निळा रंग.

२. गरज कसली आहे ते समजून घ्या

"उपचारांसाठी" एवढं म्हणून भागत नाही. आजाराप्रमाणे पैशाची गरज वेगळी असते आणि उपक्रमही त्याप्रमाणे आखावा लागतो.

जन्मजात हृदयदोष साधारण दर शंभर बाळांमागे एकाला असतो. त्यातल्या अनेकांना काहीच करावं लागत नाही, काहींना शस्त्रक्रिया लागते. ती ठरली असेल तर मोठा खर्च एकदम आणि ठरावीक तारखेच्या आत उभा करायचा असतो. तिथे दोन महिन्यांनी होणारं नाटक कामाचं नाही.

लहान मुलांतला सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग वेगळा. त्याचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. पहिल्या महिन्यात सगळे धावून येतात आणि दहाव्या महिन्यात कुणी नसतं. इथे एकदाच मोठी रक्कम जमवण्यापेक्षा दर सत्रात थोडी थोडी पोचवणं जास्त उपयोगी पडतं.

तिसरा प्रकार थॅलेसेमिया मेजर या जन्मजात रक्तविकारासारख्या आजारांचा. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, रक्तातून साठत जाणारं लोह औषधांनी बाहेर काढायचं, आणि हे वर्षानुवर्षं. अशा वेळी मोठ्यांचं रक्तदान शिबिर भरवणं हाही मदतीचाच मार्ग आहे. रक्त द्यायचं वय विद्यार्थ्यांचं नसतं, पण शिबिराची आखणी आणि बोलावणी ते उत्तम करतात.

आणि औषधांखेरीजचा खर्च विचाराच. प्रवास, रुग्णालयाजवळची राहण्याची जागा, आईबापांपैकी एकाची सुटलेली मजुरी किंवा बिनपगारी रजा, घरी राहिलेल्या भावंडाची सोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 4 लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात, अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. यामागच्या कारणांत निदानाला झालेला उशीर आहे, औषधांची टंचाई आहे, आणि एक कारण असंही आहे की कुटुंबं उपचार अर्धवट सोडून घरी परततात. म्हणून कुणी तुम्हाला म्हणालं की "गाडीभाड्याला कसले पैसे जमवता, औषधाला जमवा," तर त्याला हे सांगा. गाडीभाडं नसेल तर औषध पोचतच नाही.

नेमकी गरज कळायला रुग्णालयाच्या समाजसेवा विभागासारखी दुसरी चांगली जागा नाही. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना सरकारी योजना आणि मदत करणाऱ्या संस्था ठाऊक असतात. पालकांच्या संमतीनं शिक्षकानं त्यांना भेटावं. जो खर्च एखाद्या योजनेतून भागणार आहे, त्यासाठीच पैसे जमवत बसण्याची चूक तिथे टळते.

३. पैशाची वाट आधी कागदावर काढा

पहिला पैसा हातात येण्याआधी हे लिहून झालेलं असलं पाहिजे. तीन वाटा असतात.

रुग्णालयात मुलाच्या नोंदणी क्रमांकावर थेट भरणा. एकाच मुलासाठी जमवत असाल तर माझ्या मते हीच सर्वांत चांगली वाट, कारण रुग्णालयाची पावतीच तुमचा पुरावा होते.

नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत. अनेक मुलांसाठी किंवा संपूर्ण विभागासाठी जमवत असाल तर ही घ्या. संस्थेचा नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षण झालेला अलीकडचा हिशेब आणि तुमचा निधी कोणत्या कामाला जाईल याचं पत्र मागा. पत्र द्यायला जी संस्था टाळाटाळ करते तिच्याकडे जाऊ नका, मग तिचं माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असो.

कुटुंबाला थेट. प्रवास आणि राहण्याच्या खर्चासाठी हीच वाट सोयीची, पण रोख पाकिटातून नको. बँकेतून द्या आणि पोच घ्या. कुटुंबाकडे मात्र बिलं मागत बसू नका. देताना काय ठरलं होतं ते लिहिलेलं असलं की पुरे.

याच कागदावर दोन अवघड प्रश्नांची उत्तरंही लिहा. जास्त पैसे जमले तर उरलेल्यांचं काय? आणि मूल वाचलं नाही तर? दुसरा प्रश्न लिहिताना हात थांबतो. तरी लिहा. तो आधी लिहिलेला नसेल तर दुःखाच्या दिवशी कुणाला तरी त्या आईवडिलांना पैशांबद्दल विचारावं लागतं.

शाळेची लेखी परवानगी, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का ही कामं इथेच उरकून घ्या. सार्वजनिक जागी वर्गणी मागायला वेगळी परवानगी लागते का, हे शाळेच्या कार्यालयातून विचारून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या खासगी खात्यात एक पैसाही जाता कामा नये.

४. गट बांधा आणि कामं वाटा

आठ ते बारा मुलांचा गाभा पुरतो. बाकीचे कार्यक्रमाच्या दिवशी येतात. संवाद सांभाळणारा एक, हिशेबाला दोन (एकटा कधीच नाही), कल्पना आणि सामानाला तीन-चार, मजकूर-चित्रांना दोन. आणि एक काम आम्ही उशिरा शोधून काढलं: दुवा. आजारी मुलाशी किंवा त्याच्या भावंडाशी ज्याची आधीपासून मैत्री आहे असा एकजण. कोणताही मजकूर बाहेर जाण्याआधी दुवा तो घरी दाखवतो आणि होकार आणतो. होकार आला नाही तर मजकूर थांबतो, छपाईची वेळ टळली तरी.

मोठ्या माणसांनी दोन गोष्टी आपल्याकडे ठेवाव्यात: पैशाची कुलपं आणि मुलांची सुरक्षितता. बाकी सगळं मुलांना करू द्या, वेडंवाकडं झालं तरी.

हाताशी लागणारी कागदपत्रं आणि सामान असं:

- पालकांचं लेखी संमतीपत्र. नाव, आजार, चित्र आणि फोटो यांसाठी वेगवेगळे रकाने हवेत
- मुलाच्या स्वतःच्या होकाराची नोंद
- रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक किंवा संस्थेचं पत्र
- शाळेची परवानगी, निधीच्या वाटेचा सह्या केलेला कागद
- गटातल्या प्रत्येक मुलाच्या पालकांची परवानगी
- अनुक्रमांक छापलेलं पावतीपुस्तक, बांधीव हिशेबवही (सुट्या कागदांवर हिशेब नको)
- दोन कुलपांची पेटी, मोहोर लावायच्या पट्ट्या, नाणी ठेवायच्या पिशव्या
- कार्यक्रम असेल तर प्रथमोपचार पेटी आणि ओळखपत्रं

५. कल्पना शोधा

इथे मुलांचे डोळे चमकतात, म्हणून घाई करू नका. एक पूर्ण तास द्या, सगळ्या कल्पना फळ्यावर लिहा, कुणालाही हसू नका. मग प्रत्येकीला चार प्रश्न विचारा. सुरुवातीला आपल्या खिशातून किती घालावं लागेल? ज्याच्या घरी पैसे नाहीत असं मूल यात बरोबरीनं काम करू शकेल का? आजारी मुलाला हवं असल्यास भाग घेता येईल का? आणि देणाऱ्याला नुसत्या दयेपलीकडे काही मिळेल का?

आधी कुणी काय केलं हे मुलांना सांगितलं की फळा लवकर भरतो. अमेरिकेत अलेक्झांड्रा स्कॉट नावाच्या मुलीला पहिल्या वाढदिवसाआधीच न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग झाला होता. 2000 साली, चार वर्षांची असताना, तिनं घराच्या अंगणात सरबताचं दुकान मांडलं. डॉक्टरांनी आपल्यासारख्या इतर मुलांना बरं करावं म्हणून पैसे त्यांना द्यायचे, ही तिची स्वतःची कल्पना. दोन हजार डॉलरच्या वर पैसे जमले. मग इतर मुलांनी जागोजागी तशीच दुकानं मांडली. 2004 साली आठव्या वर्षी ती गेली तोवर दहा लाख डॉलरहून अधिक जमले होते. मी ही गोष्ट सांगते ती रकमेसाठी नाही. ते दुकान त्या आजारी मुलीचं होतं, म्हणून सांगते.

कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे 1977 साली कापावा लागला. कर्करोगाच्या विभागात शेजारी लहान मुलं पाहिली आणि त्यानं ठरवलं की संशोधनासाठी पैसे उभे करायचे. 12 एप्रिल 1980 ला कृत्रिम पायावर तो देश ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतकं अंतर. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला आणि कर्करोग फुप्फुसात पसरल्यामुळे थांबला. त्यानं मागितलं होतं फार थोडं: देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर. फेब्रुवारी 1981 मध्ये ते लक्ष्य पूर्ण झालं, तेव्हा तो हयात होता. मागणं इतकं लहान आणि नेमकं असलं की कुणाला नाही म्हणवत नाही. "यथाशक्ती मदत करा" असं लिहिण्याऐवजी "शाळेतल्या प्रत्येकामागे एक नाणं" असं लिहून पाहा.

तिसरी गोष्ट हिरोशिमाची. सदाको सासाकी ही बारा वर्षांची मुलगी अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गामुळे झालेल्या रक्ताच्या कर्करोगानं 1955 साली गेली. आजारपणात ती कागदाचे सारस घडवत असे. तिच्या वर्गमित्रांनी तिच्यासाठी आणि बॉम्बमुळे गेलेल्या सगळ्या मुलांसाठी स्मारक उभं करायचं ठरवलं, जपानभरच्या शाळांना साद घातली, आणि 1958 मध्ये ते स्मारक उभं राहिलं. ही सुरुवात शाळकरी मुलांची होती, हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही सरसावून बसतात.

आमच्याकडे चाललेल्या कल्पना थोडक्यात. वाचन-मॅरेथॉन: प्रत्येक वाचक आपले दोन-तीन पाठीराखे शोधतो, ते दर पुस्तकामागे ठरलेली रक्कम देतात. खर्च शून्य, आणि खाटेवरचं मूलही वाचू शकतं. आम्ही एकदा त्याच्या वाचनाची पानं सगळ्यांच्या बेरजेत धरली, तो सर्वांत पुढे निघाला. चित्रांचं कॅलेंडर: मागणी आधी नोंदवून घ्या, तेवढ्याच प्रती छापा. मुलांच्या आवाजातल्या गोष्टींचं ध्वनिमुद्रण: देणाऱ्याला गोष्टी मिळतात आणि तीच मुद्रणं बालविभागातल्या मुलांना रात्री ऐकायला जातात. "कौशल्य-तास": नववीची मुलगी आजी-आजोबांना मोबाइल शिकवते, कुणी बुद्धिबळ, कुणी सायकलची दुरुस्ती.

न चाललेल्या दोन कल्पना. सोडत काढली, तर तिकिटं विकायला मुलांची स्पर्धा लागली आणि ज्यांच्या ओळखी कमी ती मुलं रडवेली झाली. शिवाय सोडतीला बऱ्याच ठिकाणी कायद्याची बंधनं असतात. आणि सर्वांत जास्त देणाऱ्याचं नाव फलकावर लावण्याची कल्पना. ती पहिल्या तासातच काढून टाका.

६. पोस्टरवर काय लिहायचं

आजारी मुलाचा फोटो शक्यतो नकोच. घरचे आणि मूल दोघंही आनंदानं हो म्हणाले, तर हसरा, आजाराआधीचा किंवा त्यानं स्वतः निवडलेला. नळ्या, पट्ट्या, केस गेलेलं डोकं, रडणारी आई यांतलं काही नको. पैसे त्यानं जास्त जमतात, हे मला ठाऊक आहे. जिन्यातला तो प्रसंगही मला ठाऊक आहे.

शब्द जपून निवडा. "बिचारी", "दुर्दैवी", "मृत्यूशी झुंज" हे शब्द खोडा. "झुंज" मला विशेष खटकतो. औषधानं गुण आला नाही तर मूल झुंजीत कमी पडलं, असा त्याचा अर्थ होतो. "तिच्यावर उपचार चालू आहेत, ते दोन-अडीच वर्षं चालतील, प्रवासाच्या खर्चासाठी आम्ही पैसे उभे करतोय" एवढं सरळ वाक्य पुरतं. "आपण वाचवू शकतो" असं वचन तर कधीच देऊ नका. ते डॉक्टरही देत नाहीत.

७. पैसे मोजणं

1938 साली अमेरिकेत पोलिओसाठी लोकांना एकेक लहान नाणं थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवायचं आवाहन झालं. इतकी पाकिटं आली की तिथलं टपाल खातं गुदमरलं. त्याच चळवळीच्या पैशावर पुढे लसीचं संशोधन झालं आणि 1955 मध्ये संशोधक जोनस साल्क यांची पोलिओची लस हाती आली. नाण्यांनी मोठी कामं होतात, पण ती कुणीतरी बसून मोजावी लागतात, आणि हा विचार कुणी आधी करत नाही.

आमच्या एका उपक्रमात पिशवीवरची चिठ्ठी आणि आतली रक्कम जुळेना. फरक किरकोळ होता. पण ज्या दोन मुलांनी पिशवी आणली होती, त्यांच्याकडे वर्ग आठवडाभर वेगळ्या नजरेनं पाहत राहिला. शेवटी कळलं की एक पावती दोनदा लिहिली गेली होती. त्या मुलांची मी माफी मागितली. तेव्हापासूनचे नियम असे.

पेटी बंद हवी आणि तिला दोन कुलपं हवीत. एक किल्ली शिक्षकाकडे, दुसरी शाळेच्या कार्यालयात. पेटी उघडताना तिघं हजर: दोन मुलं आणि एक मोठं माणूस. मोजणी दोनदा, वेगवेगळ्या हातांनी. आकडा तिथेच वहीत, तिथेच तिघांच्या सह्या. खोडायचं असेल तर एक रेघ मारून शेजारी सही, शाईनं गिरवायचं नाही. पैसे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत. कुणाच्याही घरी रात्रभर नाही, शिक्षकाच्याही नाही. आणि खर्च कधीही पेटीतून उचलायचा नाही. आधी सगळं जमेला धरा, मग खर्च वेगळा लिहून द्या. रंग आणि कागदांचा खर्च कुणी देणगी म्हणून उचलला तर उत्तम. मग देणाऱ्यांना सांगता येतं की तुमचं नाणं जसंच्या तसं पोचलं.

मुलांनी दारोदार पैसे मागत फिरू नये. फिरायचंच ठरलं तर ओळखीच्या घरीच, गटानं, दिवसाउजेडी आणि मोठ्या माणसासोबत.

८. ऑनलाइन मागायचं असेल तर

खातं शाळेचं, संस्थेचं किंवा रुग्णालयाचं. संकेतस्थळ किती टक्के कापून घेतं, हे आधी वाचा. क्यूआर कोड छापण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या फोनवरून थोडे पैसे पाठवून पाहा आणि लावलेला कोड कुणी दुसऱ्या कोडनं झाकला नाही ना, हे रोज तपासा. संदेशावर शेवटची तारीख हवी. लक्ष्य गाठलं की पैसे पाठवायची लिंक बंद करा आणि तसं कळवा. नाहीतर तोच संदेश तीन वर्षांनीही फिरत राहतो, मूल बरं होऊन मैदानात खेळत असताना. मुलाचा पत्ता, नोंदणी क्रमांक, अहवाल यांचे फोटो कधीच टाकू नका.

९. रुग्णालयात काय न्यायचं, काय नाही

पैशांबरोबर मुलांना काहीतरी हातात द्यायचं असतं. ती इच्छा खरी आहे, पण केमोथेरपी चालू असताना शरीरातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात आणि साधा जंतूसुद्धा जिवावर बेतू शकतो. ताजी फुलं, कुंडीतली माती आणि वापरलेली मऊ खेळणी घेऊन जाऊ नका, खाऊही विचारल्याशिवाय नको. पुसून घेता येईल असं काहीतरी चालतं, तेही विभागातल्या परिचारिकेला आधी विचारून. भेटायला जाणं टाळावंच. जायचं ठरलं तर एक किंवा दोघं, आणि घरात कुणालाही सर्दी, ताप किंवा कांजिण्या असतील तर अजिबात नाही.

आमच्या मुलांनी सर्वांत चांगली भेट पाठवली ती वहीची. रोज एकजण वर्गात काय झालं ते लिहायचा: कुणाचा डबा सांडला, कुणाला शिक्षा झाली, गणितात काय चाललंय. महिन्याच्या शेवटी तिच्या पानांचे फोटो जायचे. आणि भावंडाला विसरू नका. खूपदा ते त्याच शाळेत, खालच्या इयत्तेत असतं आणि महिनोन्‌महिने त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

१०. वाईट बातमी आली तर

आमच्या दुसऱ्या उपक्रमातला मुलगा गेला. निधी जमत होता, कार्यक्रमाला नऊ दिवस होते.

मुलांना बातमी फोनवरच्या संदेशातून कळू देऊ नका. वर्गात, ओळखीच्या शिक्षकानं, साध्या शब्दांत सांगा. "तो गेला, त्याचं शरीर आजारापुढे टिकलं नाही." लहान वर्गांत "झोपला" किंवा "देवाघरी फिरायला गेला" असं म्हटलं तर मुलं झोपायला घाबरतात. मग गप्प राहा आणि त्यांना बोलू द्या. एका मुलीनं मला विचारलं, "आपण अजून भराभर पैसे जमवले असते तर?" तिला ताबडतोब आणि स्पष्ट सांगावं लागलं की त्याला जे उपचार हवे होते ते सगळे मिळत होते, आणि हे तुमच्या पैशांवर अवलंबून नव्हतं. हा प्रश्न प्रत्येक गटात कुणाच्या तरी मनात असतो. कुणी विचारला नाही तरी उत्तर द्या. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना त्याच दिवशी बोलवा, आणि काही मुलांना आठवड्यांनंतर त्रास होतो, हेही लक्षात ठेवा.

निधीचं काय करायचं ते आमच्या कागदावर लिहिलेलं होतं: त्याच विभागातल्या इतर मुलांच्या प्रवासासाठी. कार्यक्रम करायचा की नाही हे मात्र आम्ही त्याच्या आईवडिलांना विचारलं. त्यांनी तीन दिवसांनी उत्तर दिलं, करा म्हणाले. त्याची निळ्या रंगाची अकरा चित्रं मधल्या भिंतीवर लावली. खाली नाव लिहिलं नाही. त्यानं नको म्हटलं होतं.

११. हिशेब मांडा, आभार माना

उपक्रम संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत हिशेब सूचनाफलकावर लावा. एकच पान: किती जमलं, किती खर्च, किती पोचलं, कुठल्या पावतीनं. जमाखर्चाशी संबंध नसलेल्या एखाद्या पालकाकडून तो तपासून घ्या. देणाऱ्यांना मुलांच्या हस्ताक्षरातली दोन ओळींची चिठ्ठी पोचवा. कुटुंबाला व्यासपीठावर बोलावून धनादेश देऊ नका. पैसे शांतपणे पोचू द्या.

सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये लावून शाळेत ठेवा. शेवटचं पान मोकळं सोडा आणि गटातल्या प्रत्येकानं पुढच्यांसाठी एक सूचना लिहा. आमच्या फाइलमधली सर्वांत उपयोगी सूचना एका पाचवीतल्या मुलाची आहे: "नाणी मोजायला मोठं टेबल घ्या."

१२. मूल परत शाळेत येतं तेव्हा

येण्याआधी फोन करून विचारा: कुठे बसायचंय, टोपी किंवा रुमालाबद्दल वर्गाला काही सांगू का, जिना चढवेल का, औषधाची वेळ कोणती. स्वागताचे फलक, टाळ्या आणि पुष्पगुच्छ नकोत. बाकी मुलांना आदल्या दिवशी एवढंच सांगा की सर्दी असेल तर दूर बसा आणि केसांना हात लावू नका. निधीचा विषय त्या मुलासमोर कुणी काढायचा नाही. "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य भांडणातसुद्धा तोंडून निघता कामा नये, आणि मुलांची भांडणं तर होणारच.

चौथ्या उपक्रमातली मुलगी गेल्या सत्रात परतली. तिनं खिडकीशेजारची जागा मागितली होती, ती मोकळी ठेवली होती. ती बसली, दप्तर उघडलं आणि शेजारणीला विचारलं, "अपूर्णांक कुठपर्यंत झालेत?"